मशीनला कोकम

विनीतला आजीला काही विचारायचं असलं की तो जिन्याखालून ओरडायचा. दोन मजले चढून वर यायचं, समोर बसायचं, मग तोंड उघडायचं, ही रीत त्याला ठाऊकच नव्हती. सुभद्राबाईंच्या मते असा भाव भाजीवाल्याला विचारतात, घरच्या माणसाला नाही. म्हणून त्याही कठड्यावरून एकाच शब्दात उत्तर फेकायच्या. ज्याला पुरं हवं त्याने वर यावं.

सध्या सगळे प्रश्न मशीनचे होते. परळच्या चाळीत तळमजल्यावरच्या गाळ्यात कुशाबांची, म्हणजे सुभद्राबाईंच्या यजमानांची, लाकूड कातायची लेथ पडून होती. पायाने पेडल मारलं की चामड्याच्या पट्ट्यावर लाकूड गरगर फिरायचं, आणि कुशाबा पटाशी टेकवून देव्हाऱ्याचे खांब काढायचे. ते गेल्यावर तिला कोणी हात लावला नव्हता. आता चाळ पडणार, गाळा रिकामा करायचा. कुशाबांच्या हाताखाली शिकलेला जयवंत माहीमला देव्हारे करतो. तो म्हणाला, "काकी, चालती असली तर नेतो. बंद लोखंड ठेवायला माझ्याकडे जागा नाही." म्हणजे नाहीतर भंगारवाला. इकडे सुभद्राबाई सगळ्या मजल्याला सांगून बसल्या होत्या की लेथ माहीमला जाणार. बोललेलं परत गिळायची त्यांना सवय नव्हती.

विनीत विम्याच्या हापिसात. त्याने हौसेने काम अंगावर घेतलं, सुट्टीच्या दिवशी गंज खरवडला, तेल घातलं. जयवंत यायच्या आदल्या दिवशी एकच अडलं. पट्टा वाळून कडक झाला होता, चाकावरून निसटत होता.

"आजीऽ, आजोबा पट्ट्याला काय लावायचे?"

"कोकम!"

"हो!"

सकाळी सुभद्राबाई खाली उतरल्या तर गाळ्यात आंबूस वास. पट्टा पापडासारखा ताठ. त्याच्यावरून ओघळून खालच्या लोखंडी पट्ट्या लालभडक झालेल्या, पेडलवर मुंग्या. आणि बाजूला त्यांची आगळाची बाटली, रिकामी. मे महिन्यात गावी बसून, कोकमं पिळून, रसात मीठ घालून काढलेलं वर्षाचं आगळ.

"हे काय केलंस मेल्या?"

"तूच म्हणालीस कोकम."

"कोकम म्हणजे तेल! पांढरी वडी असते ती, भेगांना लावते मी. आगळ कोणी लोखंडाला पाजतं?"

"चिंचेने तांब्या लख्ख नाही का निघत? मला वाटलं तसंच काहीतरी."

विनीतची बहीण दारात उभी होती. "आजी, आता खोबरं किसून घाल. सोलकढी तरी होईल."

"तू वर जा आणि फडताळातलं कोकमतेल आण. तोंड तिथेच ठेवून ये."

मग सुभद्राबाई स्टुलावर बसल्या ते उठल्याच नाहीत. पट्टा ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवला. विनीतने लोखंड पुन्हा घासलं, पुन्हा तेल दिलं. वडी वितळवून कोमट तेल पट्ट्यात जिरवलं, तसा तो हळूहळू नरमला.

दुपार कलल्यावर जयवंत आला. त्याने लाकडाचा दांडा चढवला, पेडल मारलं. पट्टा धरून राहिला. जयवंत मध्येच थांबला आणि वाकून खाली बघू लागला.

"काय झालं रे?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"काकी, ही डुगत नाही."

कुशाबांच्या वेळी लेथ डुगायची. तिच्या एका पायाखाली नारळाचं सोडण कोंबलेलं असायचं, तरी लांब खांब एका टोकाला लाटा मारायचे. कुशाबा त्याचा दोष फरशीला द्यायचे, आणि सुभद्राबाईही.

"एक पाय आखूड होता," विनीत म्हणाला. "खाली चकती बसवली."

जयवंतने खांब पुरा उतरवला. "सकाळी टेम्पो आणतो," म्हणाला आणि खांब सुभद्राबाईंच्या हातात दिला. त्यांनी बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. बोट कुठेच अडलं नाही. विनीत त्यांच्या तोंडाकडे बघत उभा होता.

"तुझ्या आजोबांना जन्मात जमलं नाही ते तुला जमलं," त्या म्हणाल्या, "आणि पाळण्यातल्या पोराला कळतं ते तुला कळलं नाही. झाली बरोबरी. मे महिन्यात गावी येऊन आगळ तूच काढायचंस, झिला."