भाऊ येणार आहे

रेवाला गप्प ठेवायचा घरात एकच खात्रीचा उपाय होता, तो म्हणजे किल्ल्यांचा झुबका. खुळखुळा नको, बाहुली नको. आईच्या कमरेचा झुबका हातात पडला की दीड वर्षाची ती पोर अंगणभर खुळखुळ करत हिंडायची, आणि तेवढ्यात हेमांगीच्या पोळ्या लाटून व्हायच्या. झुबक्यात घराची किल्ली होती, कपाटाची होती, माडीवरच्या रिकाम्या खोलीची होती. हेमांगी कॉलनीच्या महिला मंडळाची चिटणीस, म्हणून मंडळाच्या भांड्यांच्या कपाटाचीही होती.

त्या सकाळी फाटकाशी ममता उभी होती. शिरपूरच्या आरोग्य केंद्रातली ही नर्स. रेवाला लस तिनंच टोचली होती, आणि अशा काही गप्पा मारत टोचली होती की पोर रडायचंच विसरली.

"ताई, तुमची वरची खोली रिकामी आहे म्हणे," ममता म्हणाली. "मी गावाहून येते ना, सातपुड्याच्या पायथ्याहून. पाऊस लागला की नाल्याला पूर येतो, एस.टी. अलीकडूनच परत फिरते. गेल्या वर्षी त्यापायी गैरहजेऱ्या लागल्या. कंत्राटी नोकरी आहे, यंदा तसं झालं तर काढून टाकतील."

"अगं, मग ये ना सामान घेऊन!" हेमांगीच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे... घरात विचारते हं. उद्या सांगते."

घरात म्हणजे सासूबाईंना. इंदिराबाई मेथी निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि हातातली जुडी खाली ठेवली.

"पोर गुनी शे, मी कोठे नही म्हनस? पन दवाखाना न्यारा, घर न्यारं. त्या लोकेसना पाहुना येतीन, कोंबडं कापतीन, दारूना वास येई. दोन महिनामा वरनी खोलीनी भिलाटी व्हई जाई!"

भिलाटी म्हणजे गावाबाहेरची भिल्लांची वस्ती. ममता तर पावरा, दुसऱ्या आदिवासी जमातीची होती. तो फरक इंदिराबाईंना माहीत नव्हता आणि माहीत करून घ्यायची गरजही कधी पडली नव्हती. या घरात भिलाटी ही वस्ती नव्हतीच, तो एक शब्द होता. पसारा झाला की भिलाटी, आरडाओरडा झाला की भिलाटी. हेमांगी जळगावची, लग्न होऊन आली तेव्हा तिला हा शब्द खटकला होता. आता रेवानं पिठाचा डबा सांडला की तीच कपाळाला हात लावायची, "काय भिलाटी मांडलीस गं!" आणि त्या पिठाळ गालाचा मुका घ्यायची. असा हा शब्द मायेतही मुरला होता.

नवऱ्यानं, ललितनं, नेहमीसारखा मधला रस्ता काढला. "आईचं मन कशाला मोडायचं? आणि त्या नर्सला सरळ नाही म्हणू नकोस, वाईट वाटेल तिला. सांग काहीतरी गोड बोलून."

दुसऱ्या दिवशी हेमांगीनं गोड बोलून सांगितलं. "अगं, माझा भाऊ येणार आहे गं शिकायला. मला माहीतच नव्हतं."

"बरं ताई. काय शिकतोय?"

"अं... इंजिनिअरिंग."

"शिकू द्या. शिकणाऱ्याला खोली पाहिजेच," ममता म्हणाली, रेवाच्या नाकाला बोट लावून हसली आणि गेली.

हेमांगीला भाऊ नव्हता. एक थोरली बहीण होती, चाळीसगावला दिलेली.

*

पुढच्या महिन्यात धुळ्याच्या एका संस्थेचं पत्र मंडळाकडे आलं. रंग, वंश, जात यांवरून माणसांत होणारा भेद ओळखायला शिकवणारी कार्यशाळा, कॉलनीच्या सभागृहात. कॉलनीतल्या बाया असतील आणि पाड्यांवरच्या आरोग्याचं काम करणाऱ्या बायाही असतील. सगळ्यांनी हौसेनं होकार दिला. पेपरात फोटो येणार होता.

बैठकीत चहाचा विषय निघाला तेव्हा मात्र जो तो पदराशी चाळा करू लागला. मंडळाचे स्टीलचे ग्लास घराघरानं दिलेले, प्रत्येकावर नाव घातलेलं. हळदीकुंकवाचं दूध त्यांत मिळायचं.

"ग्लास नही निंघतीन," इंदिराबाई हळूच पण ठाम म्हणाल्या.

 तेव्हा हेमांगीच पुढे झाली. "आपण कागदी कप आणू या ना. सगळ्यांनाच. म्हणजे कुणाला काही वाटायला नको आणि धुण्याची कटकटही नको."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. "मन्ही सून मोठी हुशार शे," इंदिराबाईंनी पाठीवरून हात फिरवला. खोटं कशाला सांगायचं, हेमांगीलाही तेव्हा आपण हुशार आहोत असंच वाटलं.

*

कार्यशाळा घ्यायला धुळ्याहून पुनमताई आल्या. साधी सुती साडी, मोकळं हसणं. समोर सतरंजीवर एकीकडे कॉलनी बसली, एकीकडे पाडा. असं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. पाड्याकडे ममता होती आणि तिची आई चमेलीबाई, मांडीवर हात जुळवून.

"आपल्याकडे वंशभेद आहे का हो?" पुनमताईंनी विचारलं.

"नही वं माय! आते कोन पाळस!" मागून कुणीतरी म्हणालं.

"ते तिकडे, परदेशात," हेमांगीच्या शेजारणीनं, भागाबाईंनी, हात वर केला. "मी सांगू का? मन्हा दीपक कॅनडामा शे. खोली देखाले गया, ते घरमालक बाहेर उना, याना तोंडकडे देखं, काया रंग देखा..." वर केलेला हात त्यांनी खाली घेतला. "पोऱ्याले म्हने खोली दिधी गई."

"रागावून म्हणाला?"

"नही ना! गोड बोलना! म्हने, मन्हा भाचा येई ऱ्हायना. आनि दोन दिवसमा तठेच गोरा पोऱ्या ऱ्हावाले उना! मन्हा दीपक रातभर जेवना नही. तो म्हने, आई, त्याने शिव्या देल्या असत्या ते बरं व्हतं."

सभागृहात हळहळ पसरली. "मेल्याचं भलं होणार नाही," कुणी पुटपुटलं. हेमांगीनंही चुकचुकायला जीभ टाळ्याला लावली आणि ती तिथेच अडकली.

तिनं चोरून पाड्याच्या बाजूला बघितलं. ममता खाली बघत सतरंजीचा एक सुटलेला दोरा बोटाभोवती गुंडाळत होती.

"गोड बोलून दिलेला नकार," पुनमताई म्हणाल्या, "इथे आणखी कुणाला मिळालाय?"

पाड्यावरच्या बाया एकमेकींकडे बघून कसनुशा हसल्या.  पुनमताईंनी त्यांच्या तोंडून काही ओढून काढलं नाही. म्हणाल्या, "चहा घेऊ, मग बोलू."

कागदी कप वाटता वाटता संपले. माणसं जास्त झाली होती. राहिल्या त्या नेमक्या ममता आणि चमेलीबाई.

"अवं हेमांगी, कपाटमा इतला ग्लास शेतस ते! काढ ना!" भागाबाई अजून लेकाच्याच दुःखात होत्या. बैठकीतलं काही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

हेमांगीनं सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी डोळे बारीक केले.

"काकू, किल्ली... किल्ली घरीच राहिली."

खुळखुळ, खुळखुळ.

सभागृहाच्या मधोमध रेवा चालली होती, एका हातात झुबका आणि दुसऱ्या हातात अर्धं चावलेलं बिस्कीट. कुणाचा चेहरा ओळखीचा दिसतोय हे बघत बघत ती दुडुदुडु थेट ममताकडे गेली आणि तिच्या मांडीवर झुबका टाकून दोन्ही हात वर केले. मला घे.

ममतानं तिला उचललं. झुबका हातात धरून तिनं एकेक किल्ली बघितली.

"ताई," ती म्हणाली, "ह्यात असेल बघा." आणि मग, "तुमचा भाऊ आला का हो?"

टोमणा होता की साधा प्रश्न, हे हेमांगीला पुढे कधीच ठरवता आलं नाही.

"कोना भाऊ?" भागाबाईंनी विचारलं. "हेमांगीले कोठे भाऊ शे? एक बहीनच शे ना तिले, चाळीसगावले!"

बोलता बोलता त्या थांबल्या. ममताकडे बघितलं, हेमांगीकडे बघितलं, आणि त्यांना आपल्या दीपकचा तो भाचा आठवला असावा. हातातला कागदी कप त्यांनी न पिताच खाली ठेवला.

त्या क्षणी खरं सांगून टाकायला हवं होतं.  पण हेमांगीनं फक्त झुबका घेतला, मान खाली घालून कपाट उघडलं आणि हाताला लागले ते दोन ग्लास काढून चहा भरला. ममताच्या हातात गेलेल्या ग्लासवर कोरलं होतं: कै. उखर्डू तोताराम पाटील यांच्या स्मरणार्थ. हेमांगीचे सासरे.

चहा पिऊन झाल्यावर चमेलीबाईंनी दोन्ही ग्लास स्वतः उचलले, नळावर नेऊन घासले, पदरानं पुसले आणि कपाटापाशी नाही, दाराबाहेर पायरीवर पालथे घातले. त्यांच्या हाताला तीच सवय होती. हेमांगीनं ते पायरीवरून उचलले आणि सासऱ्यांच्या नावाचा ग्लास हातात धरूनच ती घरी गेली.

*

"तो ग्लास मंडळमा ठेवू नको आते," घरी आल्यावर इंदिराबाई म्हणाल्या. "झाडेसले पानी घालाले व्हई."

 हेमांगीनं माठातलं पाणी त्याच ग्लासमध्ये घेतलं आणि सासूसमोर उभं राहून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. इंदिराबाईंनी तोंड फिरवलं. त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत, आणि ललित दोघींच्या मधे बसून मुकाट्यानं भाकरी मोडत राहिला.

दुसऱ्या दिवशी रेवाला कडेवर घेऊन हेमांगी आरोग्य केंद्रात गेली. झुबक्यातून एक किल्ली काढून तिनं ममतापुढे धरली. "खोली रिकामीच आहे. तेव्हाही होती. मी खोटं बोलले. तू ये."

ममता लशींची पेटी पुसत होती. "मागच्या सामानाच्या खोलीत झोपते आता, ताई. पाऊस असला की तिथेच राहते. ओल आहे, पण नोकरी जाणार नाही." तिनं पेटीचं झाकण लावलं. "तुमच्याकडे आता नको. तुमच्या वर चालताना माझ्या पायाचा आवाज तर होत नाही ना, हेच मी बघत बसेन. त्या घरात मला झोप लागणार नाही."

 हेमांगीच्या पसरलेल्या हातावर किल्ली तशीच राहिली.

"पण ताई," ममतानं रेवाच्या गालावरून बोट फिरवलं, "माझ्यामागून आणखी पोरी शिकायला येतील. त्यांना तरी भावाचं सांगू नका."

*

कॉलेजं सुरू व्हायच्या दिवसांत दुपारी फाटक वाजलं. बाहेर डोक्याला फडकं बांधलेला एक माणूस होता आणि त्याच्या मागे दप्तर छातीशी धरलेली एक पोर.

"ताई, मी दिवल्या, पाड्यावरून आलोय. पोरीला कॉलेजात नाव लावलं. खोली बघतोय."

आतून इंदिराबाईंचा आवाज आला. उत्तर तयारच होतं. "त्याले सांग, भाऊ येनार शे—"

"मला भाऊ नाही," हेमांगी मोठ्यानं म्हणाली. आत ऐकू जावं आणि शेजारच्या गॅलरीतही ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.  "खोली रिकामी आहे, दादा. वर चला, बघून घ्या. उन्हातून आलात, आधी पाणी देते."

ती आतून पाण्यानं भरलेला ग्लास घेऊन आली, तोच, सासऱ्यांच्या नावाचा. दिवल्या पायरीच्या खाली उतरला होता. त्यानं कंबरेत वाकून दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली होती आणि ती वरून पाणी ओतेल याची वाट बघत होता.

पोर बापाकडे बघत होती. दारातून रेवाही बघत होती.

हेमांगी पायऱ्या उतरून त्याच्यासमोर गेली. "दादा, ओंजळ सोडा," ती म्हणाली. तो सोडेना. त्याला खरंच कळत नव्हतं. शेवटी तिनंच त्याची बोटं हळूहळू उलगडली आणि त्या हातांत ग्लास दिला.