भट्टीत वाळवलेला दगड

इतकी वर्षं लोटली, तरी साहेबांचा तो रुमाल माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

खाणीच्या तपासणी-खोलीत मी दगड दाबायचे. खाली छत पेलायला मऊ दगडाचेच खांब सोडलेले असत. त्यांतून काढलेले गोल तुकडे यंत्रात ठेवायचे, फुटेपर्यंत भार वाढवायचा, आकडा लिहून सही करायची. त्या सहीवरच माणसं खाली उतरत. ओल्या तुकड्यांनी यंत्र बरबटतं, म्हणून ते आधी भट्टीत वाळवायची तिथली रीत होती. अकरा वर्षं मीही मुकाट्यानं वाळवले. खोली कशी लख्ख असायची.

त्या वर्षी खालच्या बोगद्यात पाणी शिरलं. माझा धाकटा दीर तिथंच कामाला. जेवताना तो सहज म्हणाला, पाणी घोट्याला लागलंय, खांबांचे पोपडे निघतायत. दुसऱ्या दिवशी मी दोन तुकडे बादलीत टाकले आणि दोन दिवस भिजू दिले. एक यंत्रात ठेवला, तर कोरड्याच्या निम्मा भारही त्याला सोसेना. धड फुटलासुद्धा नाही, शेणासारखा बसला.

आमच्या खाणीचे प्रमुख साहेब शेजारीच उभे होते, त्यांच्या बुटावर त्याचा शिंतोडा उडाला. त्यांनी रुमालानं बूट पुसला, मग तोच रुमाल तोंडावरून फिरवला.

"बाई, भिजवलं तर बिस्कीटही मोडतं. कोरडा लावा आणि सही करा."

"खाली खांब कोरडे आहेत का, साहेब?"

"खांबांचं आम्ही बघू. तुम्ही आकडा बघा."

मी सही केली नाही. बादली उचलली आणि पाळी बदलायच्या वेळी फाटकावर जाऊन उभी राहिले. दुसरा भिजलेला तुकडा दिराच्या हातावर ठेवला. त्यानं अंगठा दाबला, तो आत रुतला. याच्यापेक्षा माझ्या सासूचं काळीज कडक, असं त्याचा जोडीदार म्हणाला.

"वहिनी, याच्याखाली बसून आम्ही डबा खातो?"

"भाऊजी, अकरा वर्षं माझ्याच सहीनं खाताय."

त्या दिवशी कुणी खाली उतरलं नाही. त्यानंतरही नाही. पाचव्या दिवशी तीन खांब बसले आणि रिकाम्या बोगद्यात छत खाली आलं.

साहेबांनी वेळीच माणसं वर ठेवली, असं सांगून मालकांनी त्यांचा सत्कार केला. साहेब हात जोडून, मान तिरकी करून उभे होते. आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं होतं. मी हात मांडीखाली दाबून धरले.

दीर माझ्या कानाशी वाकला. "वाजवा, वहिनी. उद्यापासून मला त्यांच्याच हाताखाली उतरायचंय."

मी टाळ्या वाजवल्या.