उंबऱ्यावरचा तांब्या

पुजाऱ्यानं पाण्यानं भरलेला तांब्या रंगूबाईच्या हातात दिला आणि तिला देवळाच्या उंबऱ्यापाशी उभं केलं. समोर खांबाला टेकून तिची सून वैजयंती बसली होती. केस सुटलेले, डोळे अर्धे मिटलेले. दुपारची आरती नुकतीच आटोपली होती. आवारात कुणी घुमत होतं, कुणी फरशीवर लोळत होतं, आणि या सगळ्यात एक बाई निवांत भेंडी चिरत बसली होती. किन्हीराजा गावाच्या पलीकडच्या या भैरवनाथाकडे लोक बाहेरची बाधा घेऊन येतात आणि उतार पडेपर्यंत इथंच चूल मांडतात. पोट काही कुणाला सोडत नाही.

"नाव सांग," पुजाऱ्यानं वैजयंतीला दरडावलं.

"पौर्णिमा."

"कोनाची?"

"ह्या बुढीची."

तांब्यातलं पाणी रंगूबाईच्याच पायावर सांडलं. पौर्णिमा तिची लेक. गेल्या दिवाळीला माहेरी आली ती नवऱ्याशी पटत नाही, आता इथंच राहते म्हणून. रंगूबाईनं तिला चांगलंच फैलावर घेतलं. लेक वाढलेलं ताट तसंच टाकून स्कूटीवर निघाली आणि मालेगावच्या रस्त्यावर ट्रकखाली सापडली. वर्ष होत आलं होतं. आणि आता दिवाळी तोंडावर आली तशी सून अन्नाला शिवेनाशी झाली होती. दिवे लागले की पौर्णिमाच्या आवाजात "माय वं, माय" अशा हाका मारायची.

रंगूबाईचा मुलगा राजपाल बाजूलाच उभा होता. त्याच्या एका खिशात डॉक्टरच्या गोळ्या होत्या, दुसऱ्यात अंगारा. गुण कशानं का येईना, त्याला बायको धड हवी होती.

रंगूबाईला मात्र काहीच उमगत नव्हतं. सून ढोंग करते म्हणावं, तर ती निम्मी झाली होती. खरं मानावं, तर पोटच्या लेकीला हाकलायला आपणच इथवर आलो. आणि सगळ्यात लाजेची गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. ती संध्याकाळची वाट पाहू लागली होती. हाक आली की हातातलं काम टाकून ती धावायची, ओ द्यायची, आणि मग रडत बसायची.

इथली रीत साधी होती. मेलेल्याच्या रक्ताच्या माणसानं उंबऱ्यावर पाणी ओतायचं, 'जा' म्हणायचं आणि मागं वळून न बघता पायऱ्या उतरायच्या.

"म्हना बाई," पुजारी म्हणाला. "लोकं खोळंबले."

"म्हन नं माय. वैजू मरून जाईन अशानं. कायले थांबली?" राजपाल काकुळतीला आला.

"थांब रे. मले इचारू दे." रंगूबाई दोन पावलं पुढं झाली. "काय पाह्यजे तुले?"

वैजयंतीनं मान वर केली नाही.

"काई नाही. जातो मी."

त्या दिवशी पौर्णिमा हेच म्हणाली होती, अगदी अशीच, खाली बघून. आणि रंगूबाईनं चुलीकडे तोंड करून म्हटलं होतं, जा. स्वयंपाकघरात तेव्हा तिघीच होत्या. ताट वैजयंतीनं वाढलं होतं. बातमी आल्यावर ते उचललंही तिनंच. त्या ताटाचं तिनं पुढं काय केलं, हे रंगूबाईनं आजवर विचारलं नव्हतं. विचारावं, असं तरी तिच्या मनात कधी आलं होतं?

ती सुनेकडे बघत राहिली. 'जा' हा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथंच अडकला. तेव्हा किती पटकन निघाला होता.

तिनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला. पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं, सुनेसमोर बसली आणि गाठ सोडली.

"जेवून जा," ती म्हणाली.

पुजारी गडबडला. "अवो बाई, असं नसते म्हनत. ते जाईन कशी मंग?"

"माह्या लेकीले काय म्हनाव, ते मले नका शिकवू."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि वैजयंतीच्या तोंडापुढं धरला. हात तसाच राहिला. भेंडी चिरणारी बाईसुद्धा विळी सोडून बघायला लागली. मग वैजयंतीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं तोंड उघडलं.

एक घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला तिनं रंगूबाईचं मनगटच धरलं.

राजपाल वाकून कुजबुजला, "माय, कोन जेवून राह्यलं? पौर्णिमा का वैजू?"

रंगूबाई चौथा घास मोडत होती. वैजयंतीला ठसका लागला.

"पानी दे तिले आधी," रंगूबाई म्हणाली, आणि हनुवटीनं उंबऱ्यावरचा तांब्या दाखवला.