डावं स्टिअरिंग

मी बोलतेय म्हणून लगेच कौतुकाने जवळ येऊ नका. माझ्याजवळ कौतुकाने आलेली माणसं दोन वळणांनंतर एकमेकांशी कशी बोलायला लागतात, ते मी जन्मभर ऐकत आलेय. मी भाड्याची गाडी. चार चाकं, चार जणांची पायडलं, पुढे दोन जागा, मागे दोन, डोक्यावर पट्ट्यापट्ट्यांचं कापडी छत आणि छताला झालर. इंजिन नाही. इंजिन म्हणजे तुम्हीच.

माझा मुक्काम तळ्याकाठी आहे. ह्या बाजूला हॉटेलांची रांग, आणि पलीकडे, झाडांच्या मागे, ते भलंमोठं मनोरंजन उद्यान, ज्याच्यासाठी लांबलांबून कुटुंबं येतात. तिथे उंचावरून खाली झेपावणारी एक गाडी आहे. वारा फिरला की तिच्यातल्या माणसांच्या किंकाळ्या इथवर ऐकू येतात. मला तिचा हेवा वाटतो. तिच्यात बसलेली माणसं एकदा ओरडून मोकळी होतात. माझ्यात बसलेली ओरडत नाहीत. शेजारच्याला नेमकं लागेल इतक्या हळू आवाजात बोलतात.

सहलीत एक दिवस असा येतोच, की उद्यानात जायला कोणाच्या पायांत बळ उरत नाही. मग कोणीतरी म्हणतं, आज बाहेरच काहीतरी करू, सगळे मिळून. ह्या ‘सगळे मिळून’नेच माझा घात केला. हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात निदान कानात पाणी जातं. तिकडच्या छोट्या गोल्फच्या मैदानात प्रत्येकाच्या हातात आपापली काठी असते. माझ्यात मात्र मांडीला मांडी लावून बसायचं, एकाच दिशेला बघायचं, पाय सगळ्यांनी मारायचे आणि मध्येच उतरायची सोय नाही. संसारच म्हणा, फक्त झालर जास्त.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. वेल्डरने मला पुढे दोन स्टिअरिंगं बसवली. उजवं खरं, त्याची दांडी खाली चाकांपर्यंत जाते. डावं नुसतंच. ते गोल फिरतं, हाताला छान लागतं, पण खाली त्याला काहीही जोडलेलं नाही. मदतनीसाने कारण विचारलं तेव्हा वेल्डर म्हणाला, दोघं दोन बाजूंना वळवायला लागले तर गाडी जाणार कुठे? आणि एकच ठेवलं तर दुसरा बसेल का?

माझा मालक भाडेवाला. त्याच्या तोंडात सदा एक काडी असते आणि गिऱ्हाइकाशी तो काडी न काढता बोलतो. त्याची एक रीत आहे. कुटुंब समोर आलं की तो लगेच जागा दाखवत नाही. आधी छत पुसल्यासारखं करतो, टायर दाबून बघतो आणि कान देऊन ऐकतो. ज्याचा आवाज मोठा त्याला तो डावीकडे बसवतो. जो मुकाट उभा असेल त्याला उजवीकडे. डाव्या हाताशी काय आहे आणि काय नाही, ते कोणालाच सांगत नाही. ही रीत पडण्याआधी एक मोठ्या आवाजाचे काका मला तोफगोळ्यासारखं तळ्याकाठच्या हंसाच्या आकाराच्या होड्यांमध्ये घेऊन गेले होते. त्या हंसांनी अजून मला माफ केलेलं नाही.

मीही काही गरीब गाय नाही. पँटची शिवण चेनमध्ये ओढायची, चढावर कुरकुरायचं, फोटो काढताना हळूच मागे सरकायचं, हे माझे छंद. तुम्ही मला हसत भाड्याने घेता आणि रुसून परत करता. मग मीच काय म्हणून गोड वागायचं?

तर त्या दिवशी चौघं आली. सासरे, सासू, त्यांचा मुलगा आणि त्याची नवी बायको. नवी म्हणजे इतकी नवी, की सासू अजून तिला हाक मारताना आधी अडखळायची आणि मग सूनबाई म्हणायची. सासऱ्यांचा आवाज हॉटेलच्या फाटकापासून ऐकू येत होता. आदल्या दिवशी गोल्फमध्ये चेंडू भोकात का गेला नाही, ह्याचं कारण ते अजून सांगत होते, आणि ते कारण त्यांचा मुलगा होता.

भाडेवाल्याने टायर दाबला, काडी इकडची तिकडे केली. “साहेब, तुम्ही इकडे, डावीकडे. बाई, तुम्ही उजवीकडे बसा. नुसतं धरून ठेवा.” सून बसली. नवराबायको शेजारी असावीत, एवढंसुद्धा कोणाला सुचलं नाही. मुलगा मागे आईजवळ गेला आणि सुटल्यासारखा बसला.

निघालो. सासरे स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून गर्रकन फिरवत होते आणि सगळ्यांना पायडल कसं मारावं ते शिकवत होते. स्वतःचे पाय मात्र पायडलांवर ठेवून नुसते फिरू देत होते. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस मी पुष्कळ वेळा वाहिलाय, पण हा उंटावर बसून उंटालाही शिकवत होता.

पहिल्या वळणावर त्यांनी सुनेला हात काढायला सांगितलं. दोघांनी वळवलं तर गाडी बिघडते म्हणाले. तिने हात काढला. मी सरळ कुंपणाच्या झुडपात घुसायला निघाले. सासरे स्टिअरिंग फिरवत राहिले, मी जात राहिले. एक डहाळी सासूच्या गालाला लागली तेव्हा सुनेने उजवं स्टिअरिंग धरलं आणि मला रस्त्यावर आणलं. भंगार गाडी आहे, एका बाजूला ओढते, असं सासऱ्यांनी जाहीर केलं. सासू म्हणाली, गाडीला कशाला बोलता, शेजारी बसलेल्याला लक्ष नको?

थोड्या वेळाने सुनेने स्टिअरिंग दोन बोटांनी किंचित डावीकडे फिरवलं. मी डावीकडे झाले. किंचित उजवीकडे. मी उजवीकडे. मग तिने सासऱ्यांच्या हातांकडे पाहिलं, खाली त्यांच्या स्टिअरिंगच्या दांडीकडे पाहिलं. कळलं तिला. आता ही हसणार, सांगणार, आणि मग मजा येणार, म्हणून मी सगळे सांधे सावरून बसले. ती तळ्याकडे बघायला लागली. तिथून पुढे सासरे जिकडे वळा म्हणत, तिकडे ती मला वळवत गेली. ते खूश. बघा, म्हणाले, आता कशी ऐकते.

मला तिचा राग आला. ही तर माझ्यावरची कडी. मी निदान कुरकुरते तरी.

पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. मागून नवरा घसा खाकरत होता, आणि त्या खाकरण्याची ती वाट बघत होती. ते काय प्रकरण आहे, ते मला पुढच्या शंभरेक पावलांत समजलं. दुसऱ्या शहरात, पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात, तिथल्या प्रयोगशाळेत तिला नोकरी मिळाली होती. लग्नाआधीपासून तिने ज्या कामाचा ध्यास घेतला होता, तेच काम. आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. सहलीत बाबा खुशीत असतात, मी बोलतो, असं नवऱ्याने तिला वचन दिलं होतं. पण पहिल्या दिवशी रांगा होत्या, दुसऱ्या दिवशी ऊन होतं, तिसऱ्या दिवशी गोल्फ झालं. आता रांग नव्हती, ऊन नव्हतं, बाबा खुशीत होते. पळवाट म्हणून काही शिल्लकच नव्हती.

“बाबा,” तो म्हणाला, “तिला एका ठिकाणाहून बोलावणं आलंय. नोकरीचं. लांब आहे तसं. म्हणजे, तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल.”

चालेल. मी अनेक नवरे वाहिलेत, पण बायकोचं म्हणणं मांडताना त्यातच बायकोला बुडवणारा इतका कुशल माणूस विरळा. सून पायडल मारत होती. पाय थांबले नाहीत. स्टिअरिंगवरची बोटं तेवढी पांढरी झाली.

सासऱ्यांनी चिडायलाही वेळ लावला नाही. त्यात विचार करण्यासारखं काय आहे, म्हणाले. घर सोडून मुलगी पाणी तपासायला जाणार, आमच्या नळाला पाणी येत नाही का? सासू मागून म्हणाली, हल्लीच्या मुलींना सासर म्हणजे हॉटेल वाटतं, सामान टाकायचं आणि दिवसभर बाहेर. मग सासऱ्यांनी समोर बोट दाखवलं. तिथे रस्ता फुटतो. उजवीकडचा फाटा परत भाडेवाल्याकडे जातो, सरळ रस्ता तळ्याला वळसा घालून उद्यानाच्या बाजूने निघतो.

“उजवीकडे वळून गाडी जमा करू,” ते म्हणाले. “तिथे उतरलीस की माझ्यासमोर फोन लाव आणि नाही म्हणून सांग. विषय संपला.”

फाटा आला. सासऱ्यांनी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. मी सरळ गेले.

त्यांनी आणखी फिरवलं. पूर्ण गोल. पुन्हा एक गोल. माझ्या आयुष्यात डाव्या स्टिअरिंगला एवढे वेढे कोणी दिले नव्हते. मी सरळच. सून समोर बघत पायडल मारत होती आणि तिचे हात जागचे हलले नव्हते.

“अगं, वळव ना,” मागून नवरा पुटपुटला.

“अहो, मी कशाला वळवू? बाबा चालवतायत ना.”

तिचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. लहान होता, पण सगळ्यांना पुरला. मग ती सासऱ्यांकडे वळली. “बाबा, तुमचं स्टिअरिंग जोडलेलं नाही. झुडपापासून मीच चालवतेय. तुम्ही सांगाल तिकडे वळवत होते. ह्या एका ठिकाणी वळवणार नाही.”

उद्यानाकडून एक लांबलचक किंकाळी आली आणि विरली. मुलाने पायडल थांबवलं. सासऱ्यांनी हातातलं स्टिअरिंग हलवून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते सांगायला मला आवडलं असतं, पण छताची झालर मध्ये येत होती. ब्रेक, ते म्हणाले. सुनेने ब्रेक लावला. ते उतरले. अशा गाडीत आणि अशा माणसांत मी बसणार नाही, म्हणाले. मग मागे वळून सासूला म्हणाले, “उतर.”

सासू उतरली नाही.

“माझे गुडघे दुखतात,” ती म्हणाली. “तुम्ही चाला.”

आणि सून काही बोलायच्या आत तिलाही सुनावलं, “तुझी बाजू घेतली असं समजू नकोस. मी गुडघ्यांची बाजू घेतलीय.”

सुनेने तिथेच फोन काढला. हो, म्हणाली, येते. कोणती तारीख ते विचारलं, आभार मानले, फोन ठेवला. नवरा आता फार मन लावून पायडल मारायला लागला होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. रस्त्याच्या कडेने सासरे हात मागे बांधून चालत होते, आमच्याकडे न बघता.

सासू पुढे वाकून सुनेच्या कानाशी म्हणाली, “हळू घे. त्यांना मागे टाकू नकोस.” थोडं थांबून म्हणाली, “थांबूही नकोस.”

अशी आम्ही तळ्याला वळसा घातला. मी मुद्दाम सांगते, कोणी कोणाला माफ केलं नाही. कोणी हसलं नाही. पण त्या वळशात मी कुरकुरले नाही, हेही खरं आहे.

सासऱ्यांनी भाडेवाल्याला फसवा म्हटलं, आणखीही पुष्कळ म्हटलं. भाडेवाल्याने तोंडातली काडी काढली, पाना आणला आणि त्यांच्यादेखत माझं डावं स्टिअरिंग काढून टाकलं. आता तिथे एक भोक आहे, त्यावर प्लास्टिकची टोपी. तेव्हापासून मला कोणी नेत नाही. माणसं येतात, डावीकडे बघतात, विचारतात, इथे बसणाऱ्याने काय करायचं? पाय मारायचे, भाडेवाला सांगतो. मग ती शेजारची लाल गाडी घेतात, जिला अजून दोन्ही स्टिअरिंगं आहेत.

मी शेडच्या मागे, चोच तुटलेल्या एका हंसाशेजारी उभी असते. तो बोलत नाही, मीही बोलत नाही. छान चाललंय. तुम्ही इकडे सहलीला आलात, पाय दुखले आणि सगळे मिळून काहीतरी करायची हुक्की आली, तर माझ्याकडे फिरकू नका. लाल गाडी घ्या. फक्त कोणी फार प्रेमाने डावीकडे बसायला सांगितलं, तर एकदा खाली वाकून दांडीकडे बघा. आणि उजवीकडे कोण मुकाट बसलंय, तेही बघून ठेवा.