झालमन मेला हे कुणी म्हणायचं

झुरिकच्या बँकेत फ्रूमाला खुर्ची चांगली मऊ दिली होती, पण तिचं बूड काही टेकेना. उठायची, खिडकीशी जायची, परत यायची. नात नोएमीला आठवा लागलेला. ती आपली पाय पसरून कॉफी पीत होती.

फ्रूमाचा बाप झालमन. लढाईच्या आधी अँटवर्पहून येऊन त्यानं इथं तिजोरी घेतली, बायकोचे दागिने ठेवले. पुढं जर्मनांनी त्याला आगगाडीत कोंबलं. मेलेला कुणी पाहिला नाही, म्हणून फ्रूमानं त्याला कधी मेला म्हटलं नाही. दोन मुलगे झाले, पण बापाचं नाव ठेवलं नाही. ज्यूंत जित्या आजोबाचं नाव नातवाला कोण देतं? आता नोएमी बाळासाठी तेच नाव मागत होती, आणि फ्रूमा तिला गप्प बसवत होती.

बँकेच्या आमान साहेबांनी कागद पुढं सारला. "बाई, वडील वारले एवढं लिहा, सही करा. तिजोरी तुमची."

"तुम्ही गेला होतात वाटतं मयतीला?"

"आजी!"

"तू थांब गं. साहेब, इतकी वर्षं तिजोरीचं भाडं कुणाच्या खात्यातून कापलंत?"

"वडिलांच्याच."

"म्हणजे घ्यायला जिता, अन् द्यायची वेळ आली की मेला! लढाई संपल्यावर आले होते मी. तेव्हा इथलाच एक म्हणाला, या नावाचा कुणी नाहीच."

साहेबांचे कान लाल झाले. "तेव्हा आमचं चुकलं."

"साऱ्या जगानं तुमच्या बँकांचा कान पिळला तेव्हा सुचलं होय!"

सही न करताच ती बाहेर पडली.

थांब्यावरही तेच. इकडून तिकडं, तिकडून इकडं. दोन ट्राम गेल्या.

"आजी, दागिने गेले उडत," नोएमी म्हणाली. "पण खरं सांग. तो येईल असं वाटतं तुला? शंभरी उलटली असती त्याची."

फ्रूमानं बोटांवर बापाची वर्षं मोजली. बाप तिच्या डोळ्यांपुढं नेहमी काळ्या दाढीचाच असायचा.

"मी घर बदललं नाही कधी," ती म्हणाली. "दार सापडावं म्हणून."

तिसरी ट्रामही गेली.

"मुलगा झाला तर झालमन म्हण त्याला."

नोएमीनं डोळे पुसले. "मग सहीला परत जायचं?"

"जाऊ. जरा ताटकळू दे त्या आमानाला. आपण काय कमी ताटकळलो? पर्समध्ये कात्री आहे का तुझ्या?"

"नखांची आहे. कशाला?"

फ्रूमानं कोट उघडून झग्याचा गळा डावीकडं, काळजापाशी, चिमटीत धरला. बाप गेल्याची बातमी कितीही उशिरा येवो, ज्यूंच्या सुतकात अंगावरचं कापड फाडावंच लागतं, तेही उभ्यानं.

"इथं? लोक बघताहेत, आजी."

"बघू देत. तू नुसती चीर दे. फाडते मी."