एर्सीलियाच्या हातचा केक

"आणि वर पोचल्यावर तुझा केक," ओर्फेओ म्हणाला. "त्याच्याशिवाय एलिजोची आठवण कसली?"

बारच्या मागच्या खोलीत सायकल क्लबची पाच-सहा म्हातारी माणसं टेबलाभोवती बसली होती. एलिजोला जाऊन हिवाळा सरला होता. मे महिन्यातल्या एका रविवारी सगळ्यांनी सायकलवरून घाट चढायचा, माथ्यावरच्या चॅपेलपाशी पाद्रीबाबांनी दोन शब्द बोलायचे आणि मग खाणंपिणं, असा बेत ठरत होता. रडारड एलिजोला आवडली नसती, यावर सगळ्यांचं एकमत होतं. त्याची बायको म्हणून एर्सीलियाला मुद्दाम बोलावलं होतं. ती या खोलीत पहिल्यांदाच येत होती.

'कुठला केक?' हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात हाडकुळा तुल्यो पुढे झुकला.

"मक्याच्या पिठाचा, मनुका घातलेला! माझी बायको करून करून थकली, पण तुझ्यासारखा भुसभुशीत होतच नाही. एलिजो कापडाची गाठ सोडायला लागला की आम्ही कुत्र्यासारखे त्याच्याभोवती!"

"आणि कौतुक काय सांगायचा!" ओर्फेओ हसला. तो गावातला न्हावी आणि क्लबचा अध्यक्ष, एलिजोचा बालमित्र. "'एर्सीलिया पहाटे उठली माझ्यासाठी.' आम्ही जळायचो. आमच्या बायका रविवारी शिव्या घालून घराबाहेर काढतात आम्हाला."

सगळे हसले. एर्सीलियाची कानशिलं तापली.

"करशील ना?"

"करीन," ती म्हणाली.

तिने आयुष्यात तो केक केला नव्हता. ती लोकरीच्या गिरणीत कामाला होती. आठवडाभर यंत्रापुढे उभं राहून पाय सुजायचे, आणि रविवारी नवरा घट्ट, रंगीबेरंगी कपडे चढवून, पायांवरचे केसबिस काढून, पोरासारखा डोंगरात पळायचा. "काय ग, उडाला का तुझा पोपट?" गिरणीतल्या बायका विचारायच्या. ती वरवर हसायची आणि आतल्या आत धुमसायची. एकदा भर चौकात तो क्लबबरोबर समोरून आला. तिला बघून त्याने हात उंच करून हाक मारली. तिच्याबरोबर गिरणीतली मैत्रीण होती. एर्सीलिया औषधाच्या दुकानात शिरली आणि तो दिसेनासा होईपर्यंत काचेआड उभी राहिली. घरी आल्यावर तो त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. आज पाय फार दुखतायत का, एवढंच त्याने विचारलं.

रविवारी पहाटे तो अंधारातच चाचपडत बूट शोधायचा, दिवा लावायचा नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. जागी असायची.

आता तिने कुठून कुठून मक्याचं पीठ मिळवून केक करून पाहिला. पहिला दगडासारखा झाला, दुसरा मधे कच्चा राहिला. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की घाटाकडे जाताना पलीकडच्या गावात एक बेकरी लागते, तो तिथूनच घेत असणार. ती बसने तिथे गेली.

बेकरीवाल्या नीवेसचे हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले होते. "मक्याचा केक? तो मी रविवारीच करायचे, बाई. खरं सांगायचं तर एका गिऱ्हाइकासाठीच सुरू केला होता. सायकलवाले होते एक, एलिजो म्हणून. हल्ली तेच येत नाहीत."

"तो गेला. फेब्रुवारीत."

नीवेस पिठाच्या पोत्यावर खाली बसली आणि अॅप्रनमध्ये तोंड लपवून रडायला लागली. एर्सीलिया नुसती उभी राहिली. या परक्या बाईला आपल्या नवऱ्यासाठी इतकं मोकळेपणी रडता येतंय, आणि आपण मात्र केक मागायला आलो आहोत, असं तिच्या मनात आलं.

डोळे पुसत नीवेसने विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?"

उत्तर साधं होतं, पण तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"बहीण."

"तरीच. नाक अगदी तसंच आहे." नीवेस नाक ओढत हसली. "आणि बायको कशी आहे हो त्यांची? भाग्याची बाई. मला कधी आमच्या कागदात केक बांधू दिला नाही त्यांनी. कागदावर बेकरीचं नाव असतं ना! घरून कापड आणायचे. मी चिडवायचे, कुणाला फसवताय? तर म्हणायचे, 'वर सगळे घरचं काहीतरी आणतात. माझी बायको आठवडाभर उभी असते, रविवारी तरी झोपू दे तिला. पण म्हणून तिचं नाव मागे राहायला नको.'"

एर्सीलियाने दोन केक सांगितले आणि ती जवळजवळ पळतच बाहेर पडली. परतीच्या बसमध्ये तिने चेहरा खिडकीकडे फिरवला. जिवंतपणी काचेआड लपून त्याला नाकारलं होतं. आज तो मातीत गेल्यावर तोंडाने नाकारलं. तेही कशासाठी? तर जिला आपण पुन्हा भेटलो नसतो तरी चाललं असतं, अशा बाईसमोर मान ताठ राहावी म्हणून.

ठरल्या रविवारी ती पाद्रीबाबांच्या गाडीतून निघाली. वाटेत बेकरीपाशी गाडी थांबवून ती एकटीच आत गेली. केक काउंटरवर तयार होते.

"मी बहीण नाही," ती म्हणाली. "मी त्याची बायको."

नीवेसचा हात जागीच थांबला. तिने एर्सीलियाकडे नीट बघून घेतलं.

"मग त्या दिवशी मला एकटीलाच का रडू दिलंत?"

एर्सीलियाने पैसे काउंटरवर ठेवले. नीवेसने केक पुढे ओढत विचारलं, "कापड आणलंय?"

"नको. कागदातच बांधा. नाव वर येईल असं."

माथ्यावर वारा होता. सायकलवाले एकेक करत लालबुंद होऊन, धापा टाकत पोचले. प्रार्थना झाली. ओर्फेओने एलिजोच्या दोन-तीन फजित्या सांगून सगळ्यांना हसवलं आणि मग टाळी वाजवली. "आणि आता, मंडळी, एर्सीलियाच्या हातचा..."

त्याची नजर टेबलावरच्या कागदाकडे गेली.

"हे काय? तुला जमलं नाही का?"

"तो या बेकरीतूनच आणायचा," कागदावरच्या नावावर बोट ठेवून एर्सीलिया म्हणाली. "दर रविवारी."

"पण तू पहाटे उठून..."

"मी उठत नव्हते. तो निघून जाईपर्यंत डोळे मिटून पडलेली असायचे." तिचा आवाज बारीक झाला, पण ती थांबली नाही. "मला लाज वाटायची त्याची. तुम्हा सगळ्यांचीच वाटायची."

'असू दे' असं कुणी म्हणालं नाही. ओर्फेओचा चेहरा पडला होता.

"म्हणजे माझ्याशीसुद्धा खोटं बोलला तो," तो म्हणाला. "मी त्याला सगळं सांगायचो."

"माझी अब्रू राखत होता."

ओर्फेओने पाठ फिरवली. तुल्योने चाकू घेऊन केक कापला आणि तुकडे वाटले. सगळ्यांनी खाल्ले, ओर्फेओने हात लावला नाही. आपले हात कुठे ठेवावेत, हे एर्सीलियाला कळत नव्हतं.

पाद्रीबाबांना पुढे एका बाप्तिस्म्याला जायचं होतं. "चल, बैस गाडीत," ते म्हणाले.

"मी चालत येते," ती म्हणाली. गाडीत बसलं की ते प्रेमाने दोन शब्द बोलणार, आणि आज तिला ते नको होते.

ती उतरायला लागली. मागून आता चाकांची सळसळ येईल, सगळे भरकन निघून जातील, म्हणून ती कडेला सरून खाली मान घालून चालत राहिली. पण पुढे कुणीच गेलं नाही. टक-टक, टक-टक असा आवाज तेवढा येत होता. तिने वळून पाहिलं. तुल्यो आणि बाकीचे सायकली हातात धरून, तळाला कडक पट्टी असलेल्या त्या बुटांनी बदकासारखे पाय टाकत चालत येत होते.

"अरे, जा की तुम्ही! पाय मोडून घ्याल."

"माझ्या ब्रेकचा काही भरवसा नाही," तुल्यो म्हणाला. बाकीच्यांनीही आपापले ब्रेक वाईट असल्याचं सांगितलं.

तेवढ्यात ओर्फेओ सायकलवरून तिच्या शेजारून गेला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या वळणावर तो एक पाय जमिनीला टेकून उभा होता. ही मंडळी जवळ आल्यावर तो खाली उतरला. या बाजूला कठडा नव्हता आणि रस्ता अरुंद होता. सायकल हाताने ढकलत तो तिच्या आणि दरीच्या मधून चालू लागला.