दारातला उलटा हात

मी एक जुना दगड आहे, आणि मित्रांनो, गेली कित्येक शतके मी डोक्यावर उभा आहे. हसू नका. घाईतल्या गवंड्याच्या तावडीत सापडला असता तर तुमचीही हीच गत झाली असती.

माझा जन्म स्पेनमधल्या तारागोना शहराबाहेरच्या खाणीतला, रोमनांच्या काळातला. तिथला दगड मधाच्या रंगाचा असतो. माझे थोरले भाऊबंद तटबंदीत गेले, रथांच्या शर्यतीच्या मैदानात गेले, काही समुद्राकाठच्या आखाड्यात बसले आणि गर्दीच्या आरोळ्या ऐकून बहिरे झाले. मी बेताच्या अंगाचा, म्हणून मागे राहिलो. शेवटी मला नेले ते इरेने नावाच्या बाईने. ती पूर्वी गुलाम होती, सुटका झाल्यावर लोकांची धुणी धुऊन पोट भरत असे. तिची लेक युकुंडा आठ महिन्यांची असताना वारली होती.

पाथरवटाने माझ्या माथ्यावर आधी एक हात कोरला. तळवा समोर, बोटे वर आकाशाकडे. अकाली गेलेल्या जिवासाठी देवांकडे दाद मागणारा तो हात. त्याखाली अक्षरे कोरली. इरेनेला वाचता येत नव्हते. तिने मजकूर तोंडी सांगितला, आणि कोरून झाल्यावर पाथरवटाकडून तो पुन्हा पुन्हा वाचून घेतला. मग ओल्या हातांनी तिने माझे तोंड पुसले. तिचे हात नेहमी ओलेच असत.

मला शहराबाहेर हमरस्त्याच्या कडेला उभे केले. त्या काळी मेलेल्यांना रस्त्याच्या कडेलाच ठेवत, कारण येणाऱ्याजाणाऱ्याने त्यांचे नाव मोठ्याने वाचावे. नाव घेतले की माणूस आणखी थोडा वेळ राहतो, अशी समजूत होती. हेच माझे काम होते, मित्रांनो. खेचर हाकणारे थांबत, सैनिक थांबत, एखादा अडखळत अडखळत वाचे, "यु-कुं-डा." मला फार बरे वाटे.

पण चांगले दिवस कोणाला पुरले आहेत? रोमनांचे राज्य गेले, रस्ता ओस पडला, मी तोंडावर पडलो. माझ्या पाठीवर शेळ्यांनी ऊन खाल्ले. किती वर्षे ते मला विचारू नका, चिखलात तोंड खुपसून बसलेल्याला वर्षे मोजता येत नाहीत. मग वरच्या जुन्या पेठेत लोक घरे बांधू लागले, आणि आयता दगड म्हणून मला गाडीत घातले. गवंड्याने मला दाराच्या उजव्या बाजूला बसवले आणि तेही उलटे. त्याला वाचता येत नव्हते, मला बोलता येत नव्हते. त्यामुळे भांडण झाले नाही.

आता गंमत अशी झाली, की उलटा झाल्यावर माझा हात खाली आला. आकाशाकडे गेलेली बोटे जमिनीकडे वळली. आणि तारागोनाची रखवालदार देवी म्हणावी ती संत तेकला. तिच्या दंडाचा अवशेष इथल्या कॅथेड्रलमध्ये जपलेला, तिचा हात म्हणजे शहराची खूण. दुसऱ्या गावात मला कोणी विचारले नसते. इथल्या लोकांनी मात्र माझ्याकडे पाहिले आणि हात जोडले. संत तेकलाचा हात आपल्या दारात आला आहे, खाली वाकून आशीर्वाद देतो आहे!

तेव्हापासून आमच्या गल्लीची रीत पडली. बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडली की आधी माझ्याकडे येई, वाके आणि बाळाचे डोके त्या दगडी बोटांखाली धरी. मेलेल्या लेकराचा दगड मी, आणि गल्लीतली सगळी जिवंत लेकरे माझ्या हाताखालून गेली. इरेनेला हे कळले असते तर ती हसली असती की रडली असती, कोण जाणे. नाव मात्र कोणी वाचले नाही. त्यातच घरधनी दर सप्टेंबरात देवीच्या सणाआधी दारावर चुना फिरवत. हात आणि त्याला लागून असलेल्या ओळी भक्तीने सोडत, पण अगदी वरची अक्षरे चुन्याखाली जात. उलटा असल्यामुळे वरच्या म्हणजे माझ्या शेवटच्या ओळी. त्या ओळी काय होत्या ते मी आत्ताच सांगत नाही. त्या वाचायला तुम्ही असुम्ता आजीच्या आधी जाऊ नये, असे मला वाटते.

असुम्ता आजी म्हणजे या घराची मालकीण. ती नवी नवरी होऊन या दारातून आत आली तेव्हापासून मी तिला ओळखतो. ऑगस्टमध्ये संत मागीच्या सणाला डोंगरावरून घोडागाड्यांतून पवित्र पाणी येते, त्याचा शिडकावा ती माझ्यावर न चुकता करी. तिचा पहिला मुलगा त्याच सणाच्या दिवशी झाला, म्हणून त्याचे नाव मागी. तिने त्याला माझ्या हाताखाली धरले तेव्हा तो जांभई देत होता. त्याच हंगामात, बागांतले बदाम झोडून व्हायच्या आत तो तापाने गेला. त्या दिवसानंतर आजीच्या तोंडून मी ते नाव कधी ऐकले नाही. पुढे तिला मुलगी झाली, मुलीला तेकला झाली. दोघींनाही तिने माझ्याकडे आणले, दोघी वाढल्या. पण एक नाव त्या घरात कायमचे गिळले गेले.

ही नात तेकला मोठी होऊन वाटाड्या झाली. पाहुण्यांना पायी हिंडवून रोमनांचे शहर दाखवायचे, हा तिचा धंदा. शर्यतीच्या मैदानाखालच्या काळोख्या भुयारातून ती निघते, तटाच्या कडेने समुद्र दाखवते, चढ चढवते आणि घामाघूम झालेल्या मंडळींना शेवटी माझ्यासमोर आणून उभी करते.

"माना वाकड्या करा," ती म्हणते. "आमच्या गवंड्याला शाळा नव्हती."

लोक माना वाकड्या करतात, हसतात. कोणी विचारले, काय लिहिले आहे, तर ती म्हणे, "एका मुलीचं नाव आहे. चला, आता गळा ओला करू," आणि त्यांना कोपऱ्यावर वेर्मुत, म्हणजे इथली कडवट-गोड वाइन, प्यायला घेऊन जाई. कारण वर बाल्कनीत आजी बदाम फोडत बसलेली असे. तेकलाला अक्षरांचा अर्थ कळला होता. आजीचे दुःखही तिला ठाऊक होते. म्हणून ती पोटात ठेवून होती.

गेल्या वसंतात तेकलाचे दिवस भरत आले होते. तरी ती पोट सावरत हिंडत होती. त्या दिवशीच्या घोळक्यात लॅटिन शिकवून निवृत्त झालेले एक उंच गृहस्थ होते. ते इतके वाकले की त्यांची टोपी पडली. टोपी तशीच टाकून त्यांनी खणखणीत आवाजात मला वाचले. कित्येक शतकांनी माझे काम झाले, मित्रांनो. मला आनंद व्हायला हवा होता.

"अहो, हे तर थडगं आहे!" ते आनंदाने ओरडले. "आठ महिन्यांच्या पोरीचं! आणि हा हात आशीर्वादाचा नव्हे काही, अकाली मरणाची खूण आहे ही!"

वर बदाम फोडण्याचा आवाज थांबला.

थोड्या वेळाने आजी खाली आली. घोळका पांगला होता. तेकला माझ्याजवळ एकटीच उभी होती.

"तुला ठाऊक होतं?"

"हो, आजी."

"कधीपासून?"

"शिकायला लागले तेव्हापासून."

"आणि मूग गिळून बसलीस!"

"कसं सांगणार होते गं? तूच सांग, कसं सांगणार होते?"

आजीने माझ्याकडे पाहिले. अशा नजरेने माझ्याकडे कधी कोणी पाहिले नव्हते. "घराबाहेरचं त्याचं पहिलं पाऊल," ती म्हणाली. "आणि मी ह्या हातांनी त्याला नेऊन मेलेल्या पोरीच्या हातात दिलं."

"आजी, आईलाही धरलं होतंस. मलाही. आम्ही आहोत ना?"

"तुमचं नशीब बळकट. आता ऐक. तुझं मूल या दाराशी यायचं नाही."

त्या दिवसापासून आजीने पुढचे दार सोडले. मागच्या अंगणातून, पडक्या पायऱ्यांवरून ती ये-जा करू लागली. बाल्कनीची झडप बंद झाली. मी काय करणार? मी त्याला मारले नाही, हे ओरडून सांगावेसे वाटत होते. पण दगडाला तोंड असते ते दुसऱ्याने कोरलेले.

मग तिने शेजारच्या फ्रुइतोसला बोलावले. हा गल्लीचा गवंडी. हात कामसू आणि जीभ त्याहून कामसू.

"दोन हजार वर्षांचा म्हातारा आहे तो, असुम्ताबाई," तो डोके खाजवत म्हणाला. "गिलाव्याखाली पुरला तर माझे वाडवडील मला उलटा टांगतील. ह्याच्यासारखाच."

"तुझ्या वाडवडिलांनीच बसवला असेल उलटा. लिंप म्हटलं की लिंप."

"परवानगी लागते त्याला."

"माझं दार, माझी भिंत, माझं लेकरू," आजी म्हणाली.

तेकलाने ठरवले असते तर एका तक्रारीत मी वाचलो असतो. फ्रुइतोस तिला तेच सांगायला गेला. ती म्हणाली, "दगड वाचेल रे, आजी नाही वाचायची." आणि ती दारात खुर्ची टाकून बसली, मला शेवटचे पाहायला. मला तिचा राग आला नाही.

आता गवंडीकामाचा एक नियम आहे. जुना चुना खरवडल्याशिवाय नवा गिलावा धरत नाही, वरवर लावला तर पहिल्याच दमट हिवाळ्यात पापुद्रे सुटतात. फ्रुइतोस कामचुकार नव्हता. बुजवायचे तर नीट बुजवू, म्हणून त्याने खरवडणी घेतली आणि वरून सुरुवात केली. वर्षावर्षांचा चुना पोळीच्या पापुद्र्यासारखा सुटू लागला. एकाएकी त्याचा हात थांबला.

"ए तेकला! इकडे ये बघू. वर अजून लिहिलंय."

तेकला खुर्चीवरून उठली. मान वाकडी करून तिने वाचले, पुन्हा वाचले, आणि तिथेच भिंतीला धरून रडू लागली. ते रडणे ऐकून आजी घाबरी होऊन पुढच्या दारातून धावत बाहेर आली. तिला वाटले, कळा सुरू झाल्या.

"काय झालं गं? पोटात दुखतंय?"

"नाही आजी. ऐक. पोरीच्या आईनं लिहिलंय." आणि तिने एकेक शब्द सावकाश सांगितला. "वाटसरू, तुझ्या कडेवर मूल असेल तर इथे थांब. माझ्या लेकीचं नाव घे. तिला न मिळालेली वर्षं तुझ्या लेकराला मिळोत."

फ्रुइतोसने हातातली खरवडणी हळूच खाली ठेवली.

"मग माझ्याला का नाही मिळाली?" आजीने विचारले.

आजी त्या अक्षरांजवळ गेली. तिला ती वाचता येत नव्हती. इरेनेलाही येत नव्हती.

"तिच्या हातात काय होतं बिचारीच्या?" ती म्हणाली. "स्वतःचं राहिलं नाही तर ती दुसऱ्यांच्यासाठी मागत बसली. देणारा देईल तेव्हा खरं." मग ती वाकली, आणि पोरांना धरायची त्या जागी, दगडी बोटांखाली, तिने स्वतःचे पांढरे डोके टेकवले. "काय नाव म्हणालीस?"

"युकुंडा."

"युकुंडा," आजी म्हणाली. मग तिने गिळलेले दुसरे नाव बाहेर काढले. "मागी." आणि पुन्हा म्हणाली, "मागी. माझा मागी."

फ्रुइतोस नाक पुसत म्हणाला, "असुम्ताबाई, आता म्हणाल तर काढून सुलटा बसवून देतो. फुकटात."

"काही नको. मागणारा हात उलटा केला की देणारा होतो. तुझ्या वाडवडिलांनी जन्मात एकच काम बरं केलंय, ते राहू दे."

तेकलाला मुलगी झाली. आजीनेच तिला माझ्याकडे आणले आणि हाताखाली धरून दोन्ही नावे तिच्या कानात सांगितली. पोरगी ठणठणीत आहे. माझ्या अंगावर बोटे फिरवते आणि बोटे तोंडात घालते.

मित्रांनो, एका म्हाताऱ्या दगडाची तुम्हाला एवढीच विनंती आहे. जुन्या भिंतींवर तुमची नावे कोरू नका, आधीची आहेत ती वाचा. आणि ज्यांची नावे घरात गिळली गेली आहेत ती कधीतरी मोठ्याने घ्या, दुखले तरी घ्या. इकडे आलात तर तेकलाच्या घोळक्यात मिसळा. ती तुम्हाला माना वाकड्या करायला लावून युकुंडाचे नाव वाचायला सांगेल. तुम्ही वाचाल. तेवढ्यात वरून बदाम फोडता फोडता आवाज येईल, "अजून एक राहिलं!" सगळे जण माझ्यावर दुसरे नाव शोधू लागतात. ते कोरलेले नाही. तेकला त्यांना सांगते, "ते वाचायचं नसतं, आजीच्या मागून नुसतं म्हणायचं." आणि तिथे उभी असलेली परक्या देशांची माणसे, ज्याची जशी जीभ वळेल तसे, ते नाव म्हणतात.